दाव्यांचा उंबर

आंबेघोळ गाव ओलांडून डोंगराकडे निघालं की शेवटच्या घरापुढे एक उतरता माळ लागतो. माळाच्या टोकाला जुना उंबर आहे. उंबराखाली शेंदूर लावलेली वाघोबाची शिळा आहे, आणि शिळेच्या अलीकडे दोन दांडग्या मेढींना बांधलेली कारवीची एक ताटी उभी आहे. शेळ्या कोंडायच्या वाडग्याला लावतात ना, तसलं विणलेलं दार. पण इथे वाडगं नाही, कूड नाही, छप्पर नाही. नुसतं दार. शेजारून वळसा घालून कुणीही पलीकडे जाऊ शकतं, तरी गावातलं माणूस तसं जात नाही. दोरी सोडतं, ताटी उघडतं, शिळेपुढच्या दिव्यात तेल घालतं, आणि परत येऊन दोरी बांधतं.

डोंगर चढायला आलेल्या शहरातल्या पोरी इथे हमखास थांबतात. दिवाबत्ती करणाऱ्या कोंडाबाईंना एखादी विचारतेच, “मावशी, घर पडलं आणि दार तेवढं राहिलं का?”

“घर नव्हतंच गं बाई. दारच होतं,” कोंडाबाई म्हणतात. मग शिळेला हात जोडून उंबराच्या खालच्या फांदीकडे बोट करतात. तिथे एक दावं लोंबतं आहे. काळं, टणक, सालीत अर्धं रुतलेलं. “त्याला हात लावू नका. आधी ऐका.”

फार मागची गोष्ट, असं सांगतात. एका वर्षी डोंगरात पाणी आटलं, रानातलं सावज काही परागंदा झालं, काही गावाने लावलेल्या फासांत गेलं, आणि वाघ गावात उतरू लागला. इकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. आज या घरची शेळी, उद्या त्या घरचं करडू. माणसं मेटाकुटीला आली. तेव्हा बुधा भगताच्या अंगात वारं आलं, आणि त्याच्या तोंडून निघालं की वाघोबाला त्याचा वाटा द्या. दर अवसेला, दिवेलागणीला, एक शेळी उंबराला बांधायची. पाळीपाळीने प्रत्येक घराने द्यायची. आणि देवाच्या वाट्याचं दावं घरी आणायचं नाही, त्याची गाठही सोडायची नाही.

भगत लबाड नव्हता. पहिला वाटा त्याने स्वतःच्या घरचा दिला होता.

थोडे दिवस गाव निवांत झालं. वाटा पोचतोय, आता वाघ कशाला येईल, म्हणून माणसं सैलावली. वाडग्याच्या ताट्या सडल्या तरी कुणी नवी कारवी तोडली नाही. दाराला बोरीची फांदी आडवी ओढली की झालं. इकडे उंबरावर मात्र दावी वाढत गेली.

आणि मग म्हणे आवाज सुरू झाला.

अवस नसताना, माळावर काही बांधलेलं नसताना, तिन्हीसांजेला उंबराकडून शेळी ओरडायची. माणसं कंदील घेऊन गेली तर तिथे कुणी नाही. वारा पडलेला, आणि दावी तेवढी हलताहेत. पुढे एकीच्या दोघी झाल्या, मग पुष्कळ. गावात त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. बाया त्या वेळी मुद्दाम जात्यावर बसायच्या, उगाच भांडी आपटायच्या. पण शेळ्यांचे कान कसे झाकणार? आवाज आला की वाडग्यातली एखादी शेळी उठायची, बोरीची फांदी अंगाने लोटायची, आणि आपल्या पायांनी माळाकडे चालू लागायची. वाघाला गावात यायचीही गरज उरली नाही.

“देवाचं पोट भरत नाहीये,” भगत म्हणाला. “आता दोन द्या.”

दोन दिल्या. उंबरावर दोन दावी वाढली, आणि दोन आवाज.

गावाच्या शेवटच्या घरात हौसा नावाची सून होती. सोमवार धरणारी, तुळशीला पाणी घातल्यावाचून तोंडात घास न घालणारी, कुणाला वर मान करून न बोलणारी. नवरा राघू भातकापणीला खाली कोकणात गेलेला. घरात सासू तान्हूबाई आणि अंगावर पिण्याच्या वयाची लेक. पण बाळंतपणानंतरच्या तापात हौसाचं दूध आटलं होतं. पोर जगत होती ती चांदी नावाच्या शेळीच्या दुधावर. बोळ्याने एकेक थेंब तोंडात पडायचा.

मागली पाळी आली तेव्हा हौसाने चांदीचं करडू दिलं होतं. स्वतः उचलून नेलं, स्वतः बांधलं. सुटून रानात भरकटू नये म्हणून गाठीवर गाठ मारली, आणि मागे न बघता परत आली. तेव्हापासून सांजेच्या त्या आवाजांत एक बारीक आवाज तिला ओळखू यायचा. चांदीलाही यायचा. ती माळाकडे तोंड करून उभी राहायची आणि पान्हा चोरायची. पोर बोळा चोखत रडायची.

आता दोन-दोन द्यायच्या ठरल्यावर पाळी लवकर फिरली. घरात चांदीशिवाय दुसरी शेळी नव्हती.

“बाबा, पोर हिच्याच दुधावर हाये,” हौसा भगताला म्हणाली.

“देवाच्या वाट्यात मोडता घालू नको, पोरी. उद्या माणसावर आला तर मी कुणाला तोंड दाखवू?”

आतून तान्हूबाईचा आवाज आला. “देवाला म्हणावं, एकदा येऊन माझी नात बघ. मग काय मागायचं ते माग!”

भगत मान खाली घालून निघून गेला.

अवसेला दुपार कलली तशी हौसाने देवापुढे दिवा लावला आणि नवस बोलली. “वाघोबा, तुला फसवत नाही. शेळी घेऊन येते. पण बांधून माघारी जाणार नाही. न्यायची तर माझ्या डोळ्यांदेखत ने.” पोर सासूच्या मांडीवर दिली. तान्हूबाईने सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. तिला काय कळायचं ते कळलं, पण ती तोंडाने म्हणाली एवढंच, “येताना कारवी आण. ताटी सडलीय. चांदी परत आली की कोंडशील कुठं?”

म्हणून हौसाने वाटेत कारवी तोडली. भारा डोक्यावर आणि चांदी हाताशी, अशी ती माळावर पोचली. ऊन डोंगराआड गेलं, आणि उंबराखाली आवाज उठले. लांबून ऐकणं वेगळं, आणि मधोमध उभं राहून ऐकणं वेगळं. तिला वाटलं, आपल्याभोवती कळप उभा आहे आणि प्रत्येक जीव विचारतो आहे, मला न्यायला कोण आलं? चांदी तर हिसके देत होती.

हौसाला रडू फुटलं. देवाचं दावं सोडायचं नसतं हे तिला ठाऊक होतं. तरी हात जोडून ती म्हणाली, “चुकलं तर पदरात घे,” आणि तिने पहिली गाठ सोडली. त्यासरशी एक आवाज थांबला. तुटला नाही, शांतवला. तान्हं पोर आईला लागावं तसा.

मग ती एकेक गाठ सोडत गेली. सोडलेलं दावं हातात उरायचं, त्याचं करायचं काय? तिने कारवी अंथरली आणि त्याच दाव्यांनी आडवी-उभी बांधायला घेतली. एक गाठ सोडायची, एक बांधायची. ताटी होत आली तसा माळ निवांत होत गेला. शेवटी एकच आवाज राहिला. बारीक, कोवळा. आणि एकच दावं. तिच्या हातचं.

ती गाठ सुटेना. नखं तुटली, बोटं रक्ताळली, तरी सुटेना.

चांदी एकाएकी थरथरू लागली म्हणून तिने वळून पाहिलं. शिळेपाशी वाघीण उभी होती. बरगड्या दिसाव्यात अशी खंगलेली, आणि पायांत घोटाळणारं एक पिल्लू. तीही कान टवकारून तोच आवाज ऐकत होती, असं सांगतात.

हौसाने ताटी उचलली आणि दोन्ही हातांनी मधे उभी धरली. मागे चांदी, पुढे वाघीण. ना भिंत, ना कूड.

“आई,” ती म्हणाली, “हे माझं दार. दाराआड आहे ते माझ्या लेकीचं. डोंगरात ससा आहे, भेकर आहे, ते तुझ्या लेकराचं. त्याला आमचं कुणी फास लावणार नाही. दार लावलेलं असेल तिथं तू यायचं नाही. आणि उघडं राहिलं, तर दोष तुझा नाही, आमचा.”

वाघीण पुढे आली. वळसा घालायला तिला दोन उड्याही लागल्या नसत्या. तिने ताटी हुंगली. फटीतून तिचा ऊन श्वास हौसाच्या रक्ताळलेल्या बोटांवर आला. कारवीवर एकदा नख ओढल्याचा कर्र आवाज झाला, आणि मग पिल्लाला पुढे घालून ती डोंगराकडे निघून गेली.

हौसा चांदीला घेऊन घरी आली. तान्हूबाई दारातच होती. तिने सुनेवरून आणि शेळीवरून मीठमोहऱ्या ओवाळल्या, आणि म्हणाली, “धार काढायला बस. पोर भुकेजलीय.” त्या सांजेला चांदीने पान्हा चोरला नाही.

दुसऱ्या दिवशी हौसाने ताटी माळावर दोन मेढींना बांधली आणि मग घरोघर फिरली. मान खाली घालूनच, पण प्रत्येक उंबरठ्यावर थांबून ती सांगायची. “कारवी आणा. मी विणू लागते. कूड माणसाच्या डोक्याइतका उंच करा, वरून काटे घाला, सांजेला ताटी बांधा. आणि दऱ्यांतले फास काढा.” बायांनी ऐकलं. गड्यांनी आधी कुरकुर केली, मग फास काढले. बुधा भगत मात्र धुसफुसत राहिला. “वाटा मोडला. बघा आता,” एवढंच म्हणायचा.

आणि एके सकाळी भगताच्याच वाडग्यातून शेळी गेली. कुऱ्हाड घेऊन तो डोंगराकडे निघाला, मागे पाच-दहा गडी. माळावरच्या ताटीपाशी हौसा उभी होती.

“बाबा, जा खुशाल. पण आधी वाडग्याशी चला.”

सगळे परत आले. भगताच्या वाडग्याची ताटी उघडी होती. दोरी खाली लोंबत होती, तुटलेली नाही, सुटलेलीही नाही. बांधलीच नव्हती. कारवीला दाताची खूण नाही, कुडाला नखाची नाही. सांजेला दार लावायचं काम भगताचंच होतं.

म्हाताऱ्याने ती लोंबती दोरी हातात घेतली. मग म्हणाला, “तो मागत नव्हता. मीच भिऊन देत सुटलो.” कुऱ्हाड त्याने तिथेच टेकवली. त्या दिवसापासून शिळेपुढचा दिवा तो लावू लागला. सांजेला ताटी उघडायचा, तेल घालायचा, आणि परत येऊन दोरी बांधायचा. ती रीत त्याच्यापासून पडली, असं म्हणतात.

हौसा पुढे पुष्कळ वर्षं जगली. लेक वाढली, तिचं लग्न झालं, नातवंडं झाली. पण ती रोज माळावर जायची आणि त्या एका गाठीला हात लावून बघायची. गाठ सुटली नाही. शेवटी थकल्यावर लेकीने विचारलं, “आई, कापून टाकू का गं?”

“नको,” हौसा म्हणाली. “ते करडू ओरडू दे. कुणाला तरी दार आठवेल.”

आजही आंबेघोळात शेळी वाटा म्हणून बांधत नाहीत. दिवाळीतल्या वाघबारशीला गावातली नवी सून कारवीची ताटी विणते आणि माळावर जुनीच्या जागी उभी करते. डोंगरात वाघ आहे. त्याचे ठसे शिळेपाशी उमटतात, माणसं त्यांना हळद वाहतात. आणि अवसेला सांज झाली की उंबराकडून एका करडाचा बारीक आवाज येतो म्हणे. तो ऐकून कुणी घाबरत नाही. बाई हातातलं काम टाकते, उठते, आणि वाडग्याची दोरी ओढून बघते.

“तुम्हाला ऐकू येतो, मावशी?” पोरींपैकी एखादी हळूच विचारते.

कोंडाबाई डोंगराकडे बघतात. “ऊन उतरलं बघा. आता निघा तुम्ही.” दिव्याची वात सारून त्या अलीकडे येतात, ताटी लावतात, दोरी बांधतात, आणि बांधलेली दोरी पुन्हा एकदा ओढून बघतात.