बासुंदीची पाणीपाळी

“शेवटच्या रानात पाणी पोचव, पण माझा नियम मोडायचा नाही! नाहीतर तुझा बाप कोठडीतच सडेल!” राजा गरजला.

नियम काय, तर पाटाच्या तोंडाशी ज्याचं रान, त्यानं आधी पोटभर पाणी घ्यावं. उरेल ते पुढे. आणि तोंडाशी बाग कोणाची? राजाचीच! त्यात दुष्काळाचं साल, पाटात पाणी करंगळीएवढं. राजाच्या केळी डुलत होत्या आणि शेवटाकडची माणसं रिकाम्या घागरी वाजवत होती. पाटाचं पाणी वाटणारा सुका नावाचा पाटकरी हे राजाच्या तोंडावर बोलला आणि कोठडीत गेला. खरं बोलायची खोड वाईटच!

आता समोर उभी होती त्याची लेक, येशी.

“पोचवते, महाराज. पण उद्याच्या पंगतीत बासुंदी मी वाढणार.”

“बासुंदीचा आणि पाण्याचा काय संबंध?”

“वाढताना कळेल. नियम तुमचाच. तसूभर हलणार नाही!”

“बरं, वाढ!”

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. स्वयंपाकघराच्या दाराशी प्रधानजी, मग सरदार, आणि पार टोकाला, धुरापासून लांब, राजाचं मानाचं आसन. टंचाईमुळे पंगतीला बासुंदीचं पातेलं एकच. येशीनं दारापासून सुरुवात केली.

“प्रधानजी, पोटभर घ्या. राजाज्ञा आहे!”

सांगायला कशाला हवं? प्रधानजींनी द्रोण बाजूला सारून तांब्याच पुढे केला. सरदारही काही कमी नव्हते. राजापर्यंत आली ती कोरडी पळी.

“माझी बासुंदी?”

“संपली, महाराज. तोंडाशी बसले ते पोटभर जेवले. उरेल ते तुमचं. उरलंच नाही!”

“अगं मूर्ख पोरी, शेवटाकडून वाढायचं!”

“म्हणजे नियम मोडू?”

“मोड!”

“पाटावरचा पण?”

राजाचा हात ताटातच थांबला. मग तो गुरगुरला, “आणि तोंडाशी असलेले उपाशी मरतील, त्याचं काय?”

“कशाला मरतील? शेवटचं रान भिजल्याशिवाय आपली पाळी नाही म्हटल्यावर पाटातलं गवत तेच उपटतील, गळती तेच बुजवतील. प्रधानजी शेवटी जेवणार असते ना, तर पातेल्याला भोक असतं तरी ते त्यांनी स्वतः बोटानं दाबून धरलं असतं!”

राजा इतका हसला, की पागोटं आमटीत पडलं.

“सुकाला सोडा! आजपासून पाणी शेवटाकडून, आणि पाटाची राखण येशीकडे. माझ्या बागेलासुद्धा तिला विचारून! अरे, राणीसाठी झाकून ठेवलेलं पातेलं आणा!”

पातेलं आलं. पहिला द्रोण राजानं शेजारी बसवून घेतलेल्या येशीचा. आणि दाराशी प्रधानजी? ते पातेलं कुठं गळतंय का, ते वाकून वाकून बघत होते!