राणीला काय हवं होतं?

“मग मी काय खोटं बोलायला हवं होतं, बुवा?”

इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक राजोपाध्ये मठाच्या ओसरीवर टेकले, ते हा प्रश्न घेऊनच. पत्नी शरयूबाई जाऊन महिना झाला होता. तेव्हापासून हा प्रश्न त्यांना घास गिळू देत नव्हता.

पूर्णानंदबुवांनी चटईवर जागा करून दिली. “कशाबद्दल, सर?”

“ही रोज संध्याकाळी ती ऐतिहासिक मालिका बघायची. राणी सतराव्या शतकातली, अन् गडावरच्या खिडकीला काचेची तावदानं! मी शेजारी बसून एकेक चूक दाखवायचो. दोन वर्षं.”

“आणि त्या?”

“आवाज वाढवायची.”

बुवा खळखळून हसले. राजोपाध्यांना हसू आलं नाही.

“मला उपहासाच्या छोट्या फिल्म आवडतात. दहा मिनिटांत माणसाला सोलून काढतात. हिला बळेच दाखवायचो. म्हणायची, ‘अहो, हे काढणाऱ्यांना कुणीच कसं आवडत नाही?’ मी म्हणायचो, तुला त्यातलं कळत नाही... मला तरी काय कळत होतं, कोण जाणे.”

“मालिकेची गोष्ट सांगा.”

“राणी दरबारात येते. अंगावर शालू, त्याचा काठ मशीनवर विणलेला...”

“बरं. मग?”

“मग तोफा डागतात. त्या तोफाच मुळी दीडशे वर्षांनंतरच्या.”

“राणीला काय हवं होतं?”



“माहीत नाही.”

“बाईंना माहीत होतं?”

“असणार. शेवटी शेवटी बघताना रडायची.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, रडतेस काय वेड्यासारखी? असं काही घडलंच नव्हतं...” त्यांनी चष्मा काढला. “आपलं दुखणं बरं होणारं नाही, हे तिला तेव्हा कळलं होतं, बुवा. मला नंतर कळलं.”

राजोपाध्ये चटईची सुटलेली काडी ओढत राहिले.

“आता कुणाला विचारू? मालिकासुद्धा संपली.”

बुवा उठले, राजोपाध्यांनाही उठवलं. चटई ओढून त्यांनी कोऱ्या भिंतीसमोर अंथरली. एका कडेला राजोपाध्यांना बसवलं, दुसऱ्या कडेला आपण बसले. मधे एका माणसाची जागा मोकळी राहिली.

राजोपाध्ये भिंतीकडे बघत राहिले. शेवटी त्यांना राहवेना.

“बुवा, इथे तर काहीच...”

“श्‌... बाईंना बघू द्या.”