हात न लावता घासलेला रणखांब

"खिंडीतला रणखांब फोडा! माझ्या गजशाळेला उंबरा हवाय!"

धामणगडच्या राजानं हुकूम सोडला आणि भर दरबारात कोंडाई धनगरीण आडवी आली.

"फोडू नका, सरकार! लढाईत पडलेल्या धा जणांची नावं हायेत त्यावर. त्यात माझा पणजा हाय!"

"कसली नावं?" दिवाणजी खेकसले. "चार बोटं शेवाळ नि माती चढलीय त्यावर. कावळेसुद्धा बसायला लाजतात!"

"मग घासते की!"

"खबरदार! राजाच्या रणखांबाला धनगरणीचा हात?"

राजा मोठा हट्टी. म्हणाला, "नावं दिसली तर खांब राहील. पण माणसाचा हात लागता कामा नये. काठी नाही, कुंचा नाही, छिन्नी नाही! मुदत परवा दुपारपर्यंत."

दिवाणजी गालात हसले. "परवा तर अवस! असल्या दिवशी हिचं काय डोंबल होणार?"

अवस म्हटल्याबरोबर कोंडाईनं पदराआड हसू दाबलं नि ती निघाली.

अवसेला राजा, दिवाणजी नि सगळा गाव खिंडीत लोटला. कोंडाई आली, तट्टावर पाण्याची पखाल नि मागं दोनशे मेंढरं. दहा पावलांवरून तिनं तांब्या तांब्यानं खांबावर पाणी भिरकावलं, मग जिभेनं "ट्रर्र!" केलं. मेंढरं खांबावर तुटून पडली!

पाणी होतं खारं. धनगर मेंढरांना मीठ चाटवतात ते अवसेच्या अवसेला. महिनाभर आसुसलेल्या खरखरीत जिभा त्या! एक एडका तर म्हणे दुसऱ्याच्या पाठीवरून तिसऱ्याच्या पाठीवर चढला. दुपारी खांब हळद उतरवलेल्या नवरदेवासारखा उजळून निघाला.

"वाचा, दिवाणजी!"

दिवाणजींनी दहा धनगरांची नावं वाचली. खाली एक ओळ होती: 'यांनी राजास घोंगडीत लपवून खिंडीपार काढिले. खाल्ल्या मिठास जागले.'

"कोणत्या राजास?"

"आपल्या... पणजोबांना, महाराज!" दिवाणजी पुटपुटले. तरी खोड जाईना. "पण मेंढरांनी खांब उष्टावला त्याचं काय?"

"दिवाणजी," कोंडाई म्हणाली, "तवा धा माणसं मिठाला जागली, आज दोनशे मेंढरं जागली. आता राहिलं कोण, ते सरकारांनीच बघावं!"

राजा असा हसला, असा हसला, की पगडी घरंगळत मेंढरांत गेली!

"खिंडीचं कुरण कोंडाईला! आणि दर अवसेला राजवाड्यातून मिठाचं पोतं!"

"आणि गजशाळेचा उंबरा, महाराज?" दिवाणजींनी विचारलं.

"हत्तीला कसला उंबरा? पण दिवाणजी, ते पोतं खिंडीत आणायचं तुम्ही. आपल्या पाठीवर!"