संध्याकाळपर्यंतची एक गाठ

दोष सगळा सोनबा गुरुजीचा, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. फार पूर्वी, विहिरीवर वाकलेल्या एका बाभळीवर हा म्हातारा सुगरण पक्षी आपल्या जातीच्या तरण्या नरांची शाळा घ्यायचा. त्या पक्ष्यांत घरटं नरानं विणायचं, मगच मादी संसाराला येते.

रोज सकाळी सोनबा छाती फुगवून म्हणायचा, "आज घरटं आत्मसात करा!"

पिवळ्या नावाचा तरणा नर चोचीतलं गवताचं पातं खाली ठेवून विचारायचा, "गुरुजी, पण संध्याकाळपर्यंत मला नेमकं काय यायला हवं? फांदीला पहिली गाठ तरी?"

"गाठ? अरे, घरटं ही साधना आहे! हल्लीच्या पोरांना सगळं आयतं पाहिजे."

गाठ म्हटलं असतं, तर ती आली की नाही हे संध्याकाळी उघड दिसलं असतं. म्हाताऱ्याला तेच नको होतं.

पिवळ्याची पाती रोज सुटून विहिरीत पडायची. समोरच्या फांदीवरून भुरी नावाची मादी बघायची. "एक गाठ बसू दे रे," ती म्हणायची, "मग मी कितीही थांबेन." डोळे मिटले की त्याला ती दिसायची, त्याच्या न विणलेल्या घराच्या दारात बसलेली.

पावसाळा सरला, गवत वाळलं. "झालात सगळे पारंगत!" म्हणत सोनबानं शाळा उठवली. भुरी पलीकडच्या शिंदीवर, दुसऱ्याच्या घरट्यात गेली.

पिवळ्याला त्या वर्षी घर मिळालं नाही, आणि भुरीही नाही.