शेठच्या मुलाचं कार्ड

माझी नात जुई गेम खेळायचा कॉम्प्युटर स्वतः जोडत होती. सगळे भाग जमले, फक्त ग्राफिक्स कार्ड राहिलं. तालुक्यात दुकान एकच, नगरकरशेठचं. शेठचा मुलगा तिथेच गेम खेळत बसला होता.

शेठने खोकं उघडलं. जुई म्हणाली, "काका, कार्डाच्या पंख्यात धूळ आहे. हे वापरलेलं आहे."

"कोरं करकरीत आहे! पोरींना यातलं काय कळतं?"

मी म्हणालो, "शेठ, मग हे तुमच्या मुलाच्या कॉम्प्युटरला बसवा. त्याचं जुनं आम्हाला द्या. पैसे नव्याचे देतो."

शेठने मुकाट्याने खोकं आत ठेवलं.

बाहेर आल्यावर जुई हसली नाही. "आजोबा, त्यांचं तोंड बंद केलंत. पण आता कार्ड देणार कोण?"