सात पन्हळी आणि एक खुंट

ज्या काळी गावांना नावं नव्हती, नुसत्या वाटा होत्या, त्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी जास्त ऐकावी.

डोंगराच्या उतारावर कारागिरांचं एक गाव होतं. कुंभार, साळी, बुरूड, रंगारी. घरं लहान आणि सामान मोठं. म्हणून गावाने घरांच्या मधोमध एक सामाईक माळ राखला होता. रांजण, शिड्या, साचे, घडवंच्या, ज्याला जे लागेल ते त्याने तिथे मांडावं.

माळाचा नियम साधा होता. मांडलेल्या वस्तूला सुतळी बांधायची आणि सुतळीचं दुसरं टोक आपल्या दाराजवळच्या खुंटाला बांधायचं. एका वस्तूला दुसरी बांधली तरी चाले, पण ती ओळ शेवटी कुठल्या तरी दाराशी पोचली पाहिजे. वस्तू नको झाली की खुंटावरची सुतळी सोडायची. बस्स. वस्तू उचलून टाकायची नाही.

याला कारण होतं. पूर्वी या गावातही जो तो आपल्या हाताने सामान टाकत असे. एकदा कुंभाराने आपला जुना साचा फोडून टाकला. त्याच साच्यावर शेजारी अजून काम करत होता. डोकी फुटली. तेव्हापासून माळावरचं सामान उचलायचा अधिकार एकाच माणसाला दिला. त्याला म्हणत आवरकरी.

आवरकरी म्हातारा होता. अंगाने वाळका, पाठीने ताठ. माळ भरत आला, पाय ठेवायला जागा उरली नाही, की तो ढोल वाजवी. ढोल वाजला की गावाने जिथल्या तिथे थांबायचं. कुणी सुतळी बांधायची नाही, सोडायची नाही, हातातलं कामही करायचं नाही. नाहीतर म्हाताऱ्याची वाट चुकायची. मग तो पहिल्या दाराचा खुंट धरी आणि सुतळीमागून चालू लागे. वाटेत जी वस्तू भेटेल तिच्यावर चुन्याचा ठिपका. तिला जी बांधलेली असेल तिच्यावरही ठिपका. सगळी दारं झाली की ठिपका नसलेलं सामान तो उचली. माती कुंभाराकडे, लाकूड सुताराकडे, लोखंड लोहाराकडे. चार दिवसांत त्याचंच काहीतरी नवं घडे.

एकदा बुरूड भांडायला आला.

"माझी शिडी का नेलीस? तिला घडवंची बांधली होती."

"आणि घडवंचीला काय बांधलं होतं?"

"शिडी."

"म्हणजे दोघी एकमेकींना धरून बसल्या होत्या," म्हातारा म्हणाला. "तुझ्या दाराने कुणाला धरलं होतं ते सांग."

बुरूड आल्या वाटेने परतला. गाव आठवडाभर हसलं.

आता पन्हळींचं ऐका. माळाच्या वरच्या अंगाला तळं होतं आणि तळ्यातून एक दगडी चर माळाच्या कडेने वाहत होता. चरातलं पाणी आपल्या कामापर्यंत न्यायला शिंदीच्या खोडातून कोरलेल्या सात पन्हळी होत्या. वाडवडिलांनी कोरलेल्या. तसली झाडं आता त्या डोंगरात उरली नव्हती. पन्हळ न्यावी, आपल्या रांजणाला बांधावी, पाणी घ्यावं, आणि काम झालं की ज्याने नेली त्याने ती तळ्याकाठच्या छपरात परत ठेवावी, अशी रीत होती.

पण पन्हळ जड आणि छपराची वाट चढाची. एका वर्षी आवरकऱ्याला एका टाकून दिलेल्या रांजणाला बांधलेली पन्हळ दिसली. त्याला राहवलं नाही. त्याने ती खांद्यावर घेतली आणि छपरात नेऊन ठेवली. हे त्याने केलं एकदाच. पुढे गावाने ते त्याचं कामच करून टाकलं.

"राहू दे तिथेच. आवरकरी नेईल." असं म्हणणाऱ्यांत पहिली होती गावची रंगारीण.

रंगारीण हाताची पक्की होती. मंजिष्ठेचा लाल रंग तिच्यासारखा सात गावांत कुणाला साधत नव्हता, आणि हे तिला ठाऊक होतं. एकदा ती निळीच्या रांजणात काठी फिरवत असताना ढोल वाजला. ती थांबली. रंग थांबला नाही. नऊ ताग्यांवर डाग पडले.

दुसऱ्या दिवशी तिने पारावर गाव गोळा केला.

"ढोल किती वेळा वाजतो हो? माळ लहान म्हणून वाजतो. पलीकडचं काटवण तोडा, माळ तिप्पट करा. मग वर्षातून एकदा थांबलं की झालं."

लोकांना पटलं. थांबायचा कंटाळा सगळ्यांनाच होता.

आवरकऱ्याने एकच विचारलं. "माळ तिप्पट होईल. पन्हळी किती होतील?"

"सातच की," रंगारीण म्हणाली. "आबा, तुमचे पाय थकले म्हणून गावाने माळ लहान ठेवायचा का?"

हशा पिकला. म्हाताऱ्याने पागोटं नीट केलं आणि तो घरी गेला.

काटवण तुटलं. माळ तिप्पट झाला. पावसाळा गेला, हिवाळा लागला, ढोल काही वाजला नाही. रंगारणीला वाटलं, आपण गावाचं भलं केलं. ती ते बोलूनही दाखवत असे.

मग साळ्यांचं कापड आलं. अकरा मागांवर वर्षभर विणलेलं, गावातलं सगळं. ते लाल होऊन खालच्या देशात जायचं आणि त्याच्या बदल्यात धान्य यायचं. ते धान्य आलं तरच गावाचा उन्हाळा निघे. मुख्य साळी तागे उतरवताना एवढंच म्हणाला, "आमचं झालं बाई. आता तुझ्या हातात."

"माझ्या हातात आहे म्हणजे झोपा निवांत," रंगारीण म्हणाली.

पहाटे तिने मंजिष्ठेची कढई चुलीवर चढवली आणि तागे रंगात सोडले. हा रंग मानी. दुपारी सावली पायाशी आली की कापड काढायचं आणि लगेच वाहत्या पाण्यात धुवायचं. उशीर झाला की लाल काळवंडतं आणि डाग धरतं. घागरींच्या पाण्याने तिथे भागत नाही. पाण्याची धार लागते. चर पिण्याच्या पाण्याचा, त्यात रंग धुवायची मनाई.

उजाडल्यावर ती पन्हळ आणायला छपरात गेली. छप्पर रिकामं होतं.

"सातही बाहेर," तळ्याचा राखणदार म्हणाला.

"कुठे?"

"माळावर. कुणाकुणाच्या रांजणांना."

"कुणाकुणाच्या म्हणजे कुणाच्या?"

"मी पाणी राखतो बाई. माणसं राखत नाही."

ती माळावर उतरली. गवत कमरेइतकं वाढलं होतं. एका फुटक्या रांजणापाशी तिला एक पन्हळ दिसली, कोरडी, कोळ्यांनी जाळी विणलेली. तिने हात घातला तोच कुंभार दारातून ओरडला.

"ए बाई, हात काढ!"

"ही तुझी आहे?"

"ठाऊक नाही. पण तुझी नाही, एवढं ठाऊक आहे."

नियम तिलाही माहीत होता. रांजण टाकलेला दिसतो, पण त्याची ओळ कुठल्या दाराशी जाते ते कुणास ठाऊक. तिने हात काढला. मनातल्या मनात गावातल्या एकूण एक आळशाला शिव्या घातल्या आणि ती आवरकऱ्याकडे धावली.

म्हातारा ओट्यावर सुतळी वळत बसला होता.

"आबा, ढोल वाजवा!"

"माळ भरला?"

"अर्धासुद्धा नाही भरला. पण पन्हळ एक उरली नाही."

"माझा ढोल जागा संपली की वाजतो, पन्हळी संपल्या की नाही." त्याने सुतळी खाली ठेवली. "मी माळाकडे बघून चालतो बाई. छपराकडे बघून कधीच चाललो नाही. वाटेत पन्हळ सापडली तर नेत होतो, इतकंच."

"मग आज चाला. गावाचं कापड जातंय."

म्हाताऱ्याने खुंटीवरचा ढोल काढला आणि गळ्यात अडकवला. टिपरी उचलली. मग तो थांबला.

"पूर्वी माळ एका प्रहरात होत असे. आता तिप्पट आहे. दिवस मावळेल. आणि ढोल वाजला की गाव थांबणार. तूही. चुलीतलं लाकूड ओढायचं नाही, कापड उलटायचं नाही. वाजवू?"

रंगारणीने त्याच्या हातातली टिपरी धरली. माळ मोठा करायला कुणी सांगितलं होतं, हे दोघांनाही आठवत होतं.

"तू शेवटची पन्हळ कधी नेली होतीस?" त्याने विचारलं.

"पावसाळ्याआधी. निळीच्या रांजणाला."

"परत ठेवलीस?"

"तुम्ही न्याल म्हणून..."

"बरं. सुतळी तरी सोडलीस?"

"सोडली असेल."

"असेल?"

ती वळली. घरी आली. दाराजवळच्या खुंटाकडे तिने कित्येक महिन्यांत नीट पाहिलं नव्हतं. गाठीवर गाठ बसून त्याचं घरटं झालं होतं. तिने त्यातली सगळ्यात मळकी सुतळी हातात धरली आणि आवरकरी चालतो तशी तिच्यामागून चालू लागली. जन्मात पहिल्यांदा.

सुतळी गवतातून गेली, दोन शिड्यांखालून गेली आणि तिच्या जुन्या निळीच्या रांजणाशी पोचली. रांजण तडकला होता. आत मुंगसाने घर केलं होतं. रांजणाच्या गळ्याला एक पन्हळ बांधलेली होती. एक नाही, दोन. दुसरी त्याच्याही आधी कधीतरी नेलेली.

मागे पावलं वाजली. म्हातारा आला होता.

"मी आज दिवसभर चाललो असतो ना," तो म्हणाला, "तरी हिच्यावर ठिपकाच लावला असता. तुझं दार अजून हिला धरून आहे. दाराने धरलेलं मी नेत नाही. शंभरदा चाललो तरी नेणार नाही."

सकाळपासून रंगारीण साऱ्या गावाला शिव्या देत होती. आता शिवी द्यायला कुणी उरलं नाही. तिने मान खाली घातली आणि गाठ सोडायला बसली. पावसाने गाठ दगड झाली होती. नखं तुटली, तिने दात लावले. गाठ सुटली.

पन्हळ उचलायला ती वाकली.

"मागचं टोक मी धरतो," म्हातारा म्हणाला. "पुढचं तुझं."

दोघांनी ती खांद्यावर घेतली. सावली पायाशी येत होती. पन्हळ कित्येक महिने उन्हापावसात पडून उकलली होती. तिने पदर फाडून भेगांत बोळे कोंबले, तोंड चराला लावलं, आणि पाण्याची धार आली. ती कापड काढत गेली, धूत गेली, पिळत गेली. तिची ती धावपळ बघून साळी दोरीवर तागे टाकायला आले. कुंभार आपल्या दारात उभा राहून आपल्या खुंटाकडे बघू लागला. मग हळूच गाठी चाचपायला लागला. संध्याकाळपर्यंत पाच घरांतून पाच माणसं खांद्यावर पन्हळ घेऊन छपराची वाट चढली. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं.

कापड वाचलं. लाल असं उतरलं, की साळ्यांना आपलंच कापड ओळखू येईना. गळक्या पन्हळीपायी वेळ गेला, म्हणून शेवटचे दोन तागे मात्र काळवंडले. रंगारणीने ते विकले नाहीत, लपवलेही नाहीत. पारावर आणून सगळ्यांसमोर फाडले. मनगटाएवढ्या सात पट्ट्या काढल्या.

"यापुढे जो पन्हळ नेईल त्याने छपरातच ही पट्टी मनगटाला बांधायची," ती म्हणाली. "पन्हळ परत ठेवली की पट्टी तिथेच सोडायची. काम झालं, बिघडलं, अर्धं राहिलं, काही होवो. मनगटावर पट्टी असेपर्यंत घरी जाऊन ताटावर बसायचं नाही. पहिली पट्टी माझी."

मग ती आवरकऱ्याकडे वळली. "आबा, त्या दिवशी मी तुमच्या पायांवर बोलले."

"पाय थकलेलेच होते," म्हातारा म्हणाला. "खोटं नाही बोललीस."

माळ मोठाच राहिला. पण म्हाताऱ्याने सांगितलं, नवं सामान दारांजवळच्या जमिनीच्या पट्ट्यात मांडा. बरंचसं सामान नवं असतानाच नकोसं होतं, हे त्याने आयुष्यभर पाहिलं होतं. तेवढा पट्टा तो दर आठवड्याला चालू लागला. ढोल वाजायचा, पण भाकरी उलटण्याआधी थांबायचा. रंगाला तेवढं चालत होतं.

वर्षाने अख्खा माळ भरला आणि मोठा ढोल वाजला. म्हातारा दाराखुंटांपासून निघाला, ठिपके लावत शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गेला. साऱ्या माळावर त्याला एकही पन्हळ सापडली नाही. तो छपराशी चढला. आत सात पन्हळी ओळीने टेकून उभ्या होत्या आणि खुंटीवर सात काळपट लाल पट्ट्या वाऱ्याने हलत होत्या.

खाली उतरल्यावर रंगारणीने विचारलं, "काय आबा, दमलात?"

"पाय दमले," म्हातारा म्हणाला. "खांदा नाही दमला."

बोध एवढाच: आपण सोडलेलं आवरायला कुणीतरी येतं, पण घेतलेलं वेळेवर जागी ठेवणं आणि धरलेलं सोडणं हे ज्याचं त्यानेच करायचं असतं.