कुंकूबाईची काळी लेकरं

एकदा काय झालं, एका गावातल्या करडईला मावा पडला. मावा म्हणजे खसखशीएवढे काळे किडे, बरं का. कोवळ्या शेंड्यांना चिकटायचे आणि रस पिऊन झाड वाळवून टाकायचे. एकेक रान करपलं. शेवटी उरला धुरपदाचा तुकडा. तोही गेला, तर गावात पेरायला करडईचं बी उरणार नव्हतं.

मग धुरपदानं दंवात भिजलेल्या झाडांवर राख उधळली. मावा जागचा हलला नाही. मग तिनं शेंडे खुडून जाळले. नव्या शेंड्यांवर मावा हजर! मग ती वाकून पानं बघू लागली, तर माव्याच्या गर्दीत काळे, काटेरी, लांबुडके किडे फिरताना दिसले.

“आत्याबाई, हे काय बघा!” तिनं सासूला हाक मारली.

“अगं, हीच ती अवदसा! हिच्यापायीच मावा येतो. बघत काय बसलीस, चिरड!”

धुरपदानं एकूण एक वेचला आणि टाचेखाली चिरडला.

तोच एक कुंकूबाई उडत आली आणि तिच्या तळहातावर बसली. इवलीशी, लाल, पाठीवर काळे ठिपके. त्या गावात कुंकूबाईला सवाष्ण मानायचे, बरं का. घरात आली तर हळदकुंकू वाहायचे, मारायचं कुणी नाही. ती बोलू लागली.

“धुरपदे, माझी लेकरं कुठायत?”

“मी नाही गं पाहिली. तुझ्यासारखीच लाल असतील ना?”

“नाही. काळी, काटेरी. मावा खाऊन मोठी होतात, मग लाल होतात.”

धुरपदाला खाली बघवेना.

“मला सासू म्हणाली...”

“टाच कुणाची होती?”

धुरपदा रडली. कुंकूबाई रडली नाही. “बांधाकडच्या झाडाला पानाखाली पिवळी अंडी आहेत. तेवढीच उरलीत,” असं म्हणाली आणि धुरपदाच्या तळहातावरच निपचित पडली.

मग धुरपदा त्या झाडापाशी बसून राहिली. सासू सुपात राख घेऊन आली.

“आत्याबाई, चिमूटभर जरी पडली, तर माझ्याशी गाठ आहे!”

सासू मागे फिरली.

मग अंडी फुटली. काळी, काटेरी लेकरं माव्यावर तुटून पडली. वाळलेली झाडं काही परत हिरवी झाली नाहीत. पण उरलेल्यांना बोंडं धरली आणि गावाला पेरण्यापुरतं बी मिळालं.

लेकरं लाल झाली आणि उडून गेली. धुरपदानं किती हाका मारल्या, एकही तिच्याकडे फिरकलं नाही. फिरकतील कशाला?

पुढल्या साली रानं फुलली. गाव पोटभर जेवलं, सुखानं राहिलं. धुरपदाही राहिली, पण पाऊल टाकण्याआधी खाली बघायची, जन्मभर.

झालं. आता डोळे मिटा बघू.